शहाद्याचा सूर्यास्त

बिझनेस क्लासच्या खुर्चीत मांडी घालता येते. लोक त्या तिकिटाचं कौतुक कशाकशासाठी करतात मला ठाऊक नाही. मी मात्र या एकाच गोष्टीसाठी त्या विमान कंपनीला जन्मभर दुवा देईन. खुर्ची अंगुळभर अरुंद असती, तर माझ्या सासूबाईंचं बारा महिन्यांचं तप त्या दिवशी समुद्रात गेलं असतं आणि बोल पुन्हा माझ्याच डोक्यावर आला असता. पुन्हा म्हणते, कारण एकदा आलेला होताच.

आम्ही शहाद्याचे. मेन रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळ राजस्थानचं, जैन. पण सासूबाई, नाव लाडकंवर, लग्न होऊन आल्या त्या थेट गल्ल्याशेजारी बसल्या. म्हसावद, प्रकाशा, लोणखेड्याच्या गिऱ्हाइकांशी पन्नास वर्षं बोलून बोलून त्या घरातही अहिराणीच बोलायला लागल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. वय एकोणसत्तर, वजन बेचाळीस किलो, आणि हट्ट वजनाच्या दुप्पट.

बाईंनी वर्षीतप धरलं होतं. म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं सलग तेरा महिने. उपासाला फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंत. जेवणाच्या दिवशी इतर लोक दोनदा जेवतात, पण बाईंना अर्धं काही जमतच नाही. त्या एकासणं करायच्या. एका जागी बसायचं, एकदाच जेवायचं, आणि उठलं की संपलं. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. मला कुणी तशी समजू नका. मी रात्री अकराला फ्रिज उघडणारी बाई आहे.

हे त्यांचं तिसरं तप. पहिलं मलेरियानं मोडलं. दुसरं माझ्यामुळे. सतरा वर्षांपूर्वी मी नंदुरबारच्या दवाखान्यात बाळंतपणात दोन दिवस अडले होते. बाई माझ्या उशाशी बसून राहिल्या, जेवणाचा दिवस तसाच गेला, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या आणि नर्सनं त्यांना ग्लुकोज पाजलं. निदान आमच्या घरात ती गोष्ट अशी सांगितली जायची. बाईंनी मला शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. त्यांची कसर सासऱ्यांच्या बहिणीनं, जसोदा भुवाजींनी, भरून काढली. लग्न असो, बारसं असो, भुवाजी चार बायकांत बसल्या की सुस्कारा सोडायच्या. "लाडकंवरनं तप पुरं व्हई जातं, पन वहूनं बाळंतपन आड उनं." मी पापड वाढत पुढे जायचे. आतून मात्र जळायचे.

तर हे तिसरं तप बारा महिने सुरळीत चाललं, आणि शेवटचा महिना उरला असताना माझा धाकटा दीर रिषभ याला मुलगा झाला. रिषभ बँकॉकला खड्यांच्या व्यापारात आहे. नातवाचं तोंड पाहायचं म्हणून बाई तप चालू असतानाच निघाल्या आणि त्यांना सांभाळायला मी. आमचे डॉक्टर निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकाआड एक ठीक आहे. पण सलग तिसरा उपास यांना झेपणार नाही. पडतील, आणि मग सलाइन लावावंच लागेल." सलाइन म्हणजे तप मोडलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, एवढंच ना, सांभाळते.

आठ दिवस छान गेले. तिथला सूर्योदय-सूर्यास्त जाऊबाई हीना सांगायची, आम्ही त्याप्रमाणे वागायचो. परतीच्या दिवशी रिषभनं आमच्या हातात बिझनेस क्लासची तिकिटं ठेवली. पोरगं लहान असल्यापासून आईनं दुकानात कापडाच्या गाठींवर बसून डबा खाल्लेला बघत आलं होतं. "बाई, आजचं तुझं एकासणं विमानात कर," तो म्हणाला. "जैन जेवण सांगून ठेवलंय. पांढऱ्या कपड्यावर, चिनी मातीच्या ताटात जेव." त्याचे डोळे भरलेले पाहून बाईही विरघळल्या. विमान माझ्या घड्याळात एकला सुटणार होतं. माझं घड्याळ मी शहाद्याच्याच वेळेवर ठेवलं होतं. दोनला जेवण. कुणालाही पटेल असा हिशेब.

खाकऱ्यांची पिशवी मी हातात घेतली होती. मग वाटलं, बिझनेस क्लासमध्ये खाकरे काय काढायचे? लोक काय म्हणतील? पिशवी मी मोठ्या बॅगेत कोंबली आणि बॅग सामानात देऊन टाकली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण डब्याशिवाय प्रवासाला निघाले ती त्याच दिवशी. म्हणतात ना, शहाणपण गहाण टाकलं की व्याज लगेच सुरू होतं.

विमान एकला सुटलं नाही. तीनला सुटेल म्हणाले. मग साडेचारला म्हणाले. विमानतळाच्या पोटात दिवस काय आणि रात्र काय, दिवे सारखेच. बाईंनी विचारलं, "फाल्गुनी, कार्ड काय सांगस?"

कार्ड म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या आमच्या उपाश्रयातून दरवर्षी घरोघर मिळतं ते. त्यात प्रत्येक दिवसाची सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ छापलेली असते. शहाद्यात आमची अख्खी आळी त्यावर जेवते आणि त्यावर हात धुते. माझ्या फोनमध्ये त्याचा फोटो होता. आज आपण घरी चाललो, आजपासून आपलं कार्ड, असं मी सकाळीच ठरवून टाकलं होतं.

"पावणेसात, बाई. साडेचारला उडालो, पाच-सव्वापाचला जेवण. दीड तास हातात आहे."

"मंग बैस ना निवांत," बाई म्हणाल्या आणि माळ ओढायला लागल्या. शेजारच्या दुकानात केळी होती. हात लांब केला असता तर पुरे. पण केळी खाल्ली की तेच एकासणं झालं असतं, आणि पुढे मोठं जेवण वाट पाहत असताना केळ्यावर कोण भागवतं?

चारला आम्ही विमानात शिरलो. दोन-दोन खुर्च्या, मध्ये ऐसपैस जागा, पाय लांब करा नाहीतर झोपा. बाईंना डावीकडची खिडकी मिळाली. एका थाई मुलीनं आम्हाला गरम ओले रुमाल आणून दिले. बाईंनी तो हुंगला, घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "पोर गोड शे." मी बाईंचा पट्टा लावायला वाकले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

सूर्य पार खाली आला होता. लाल, मोठा, गोदामांच्या पत्र्यांवर दोन बोटं उरलेला.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. कार्डात पावणेसात. आणि मग माझ्या डोक्यात जो काय उजेड पडला, तो कुणाच्याही डोक्यात इतक्या उशिरा पडू नये. कार्ड शहाद्याचं होतं. सूर्य बँकॉकचा होता. घड्याळ मी शहाद्याचं बांधलं म्हणून बँकॉकचा सूर्य काही प्रकाशा गावच्या पुलामागे जाऊन मावळणार नव्हता! इथे तो अजून पाऊण तासात बुडणार, आणि आम्ही अजून जमिनीवर.

काल उपास झालेला. आज जेवण हुकलं तर आजचाही उपास. आणि उद्या चौदस, तो उपास बाई आयुष्यात कधी चुकवत नाहीत. म्हणजे सलग तिसरा. डॉक्टरांचे शब्द कानात वाजायला लागले. त्यामागोमाग भुवाजींचा सुस्कारा.

"बाई," मी म्हटलं, "माझं चुकलं. दिन बुडी ऱ्हायना." सूर्य बुडतोय म्हणून कार्डाचं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "जेवन भेटनं ते भेटनं," त्या म्हणाल्या. "नही ते उपास व्हई जाई. रडस कसाले?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. मी उठले आणि त्या थाई मुलीला गाठलं. माझं इंग्रजी दुकानातल्या पाट्यांपुरतं. "मदर," मी खिडकीकडे बोट दाखवून म्हटलं. "नो ईट आफ्टर सन. यस्टरडे नो ईट. टुमारो नो ईट. सन गोइंग!" ती गोंधळली. तिला वाटलं बाई आजारी आहेत. मग तिला वाटलं ऊन लागतंय, म्हणून ती खिडकीचा पडदा ओढायला धावली. मी तिचा हात धरला. काय करावं सुचेना, तेव्हा मी बाईंकडे बोट दाखवलं, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंडापुढे नाही-नाही असा हात हलवला.

ती थांबली. तिचा चेहराच बदलला. "मंक?" तिनं विचारलं. "लाइक मंक?"

नंतर तिनं सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं ते मला कळलं. तिच्या देशात भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. तिची आजी रोज पहाटे उठून त्यांच्यासाठी भात शिजवते. बारा वाजायच्या आत ताट पोचलं नाही तर आजी दिवसभर स्वतःही जेवत नाही. हजार कोस लांबची पोर, आणि घड्याळ बघून ताट वाढणं म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं बाईंना वाकून हात जोडले. म्हणाली, विमान उडेपर्यंत मी काही करू शकत नाही, पण पट्ट्याचा दिवा विझला की पहिलं ताट यांचं.

विमान निघालं आणि रांगेत उभं राहिलं. आमच्यापुढे चार विमानं. शहाद्याच्या बसस्टँडवर गाडी लागते तशी त्यांची ढकलाढकल चालली होती. सूर्य पत्र्यांना टेकला. मी नवकार मंत्र म्हणत होते, मध्येच वैमानिकाला मनातल्या मनात अहिराणीत शिव्या देत होते, आणि पुन्हा पहिल्यापासून नवकार म्हणत होते. अखेर विमान पळालं आणि उडालं. तोरणमाळच्या घाटात जीप चढताना कान बंद होतात तसे कान बंद झाले.

आणि सूर्य वर आला! खोटं सांगत नाही. जमिनीला टेकलेला सूर्य, आम्ही जसे वर गेलो तसा चांगला हातभर वर सरकला. विमान पश्चिमेला चाललं होतं, म्हणजे त्याच्याच मागे. तो खाली जाऊ पाहत होता आणि आम्ही त्याला गाठत होतो.

पण माझ्या मनात लगेच नवी शंका. "बाई, खाली तर आता अंधार पडत असेल. वरचा सूर्य चालतो का?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी मीटरला अडीच हात म्हणाले. "तोरणमाळले दिन उशिरा बुडस," त्या म्हणाल्या. "खाल शहादाले दिवा लागी जातस, तरी वर ऊन ऱ्हास. तुन्हा सासरा नि मी मालनी गाडी लई जाऊत, तवय तठेच बठीसन जेवूत ना? मन्हा डोयाले दिन दिसी ऱ्हायना, म्हंजे दिन शे."

डोळ्यांना सूर्य दिसतो तोवर दिवस, हा निकाल माल विकायला तोरणमाळला जाणाऱ्या बाईंनी चाळीस वर्षांपूर्वीच लावला होता; त्यावर मी विमानात वाद घालणार नव्हते.

मग ढग आले. विमान हादरायला लागलं. पट्ट्याचा दिवा काही विझेना. सूर्य आता खाली उतरत होता, सावकाश, पण उतरत होता. सव्वापाचला टिंग वाजलं, दिवा विझला, आणि पडद्याआडून ती पोर जवळजवळ धावतच आली. हातात एकच ताट. पुढच्या खुर्चीवरच्या कोटवाल्या साहेबांनी ग्लास दाखवून काहीतरी मागितलं. तिनं हसून मान हलवली आणि त्यांना ओलांडून थेट आमच्याकडे आली. पांढरा कपडा अंथरला, ताट ठेवलं. मी झाकण उघडून आधी तपासलं. भात, वरण, ढोबळी मिरचीची भाजी, दोन फुलके, पपई. बटाटा नाही, कांदा नाही, जमिनीखालचं काही नाही. सगळं ठीक.

आणि बाईंनी त्या खुर्चीत मांडी घातली. अगदी घरच्या पाटावर घालतात तशी, दोन्ही गुडघे टेकवून, वर बाजूला जागा शिल्लक. रीतीप्रमाणे मूठ वळली, तीन नवकार म्हटले आणि पहिला घास घेतला. मी इतक्या वेळानं पहिल्यांदा पाठ टेकली.

ती पोर पुन्हा आली, दोन पेले घेऊन. एकात वाफाळतं पाणी होतं. मी खुणेनं सांगितलं, उकळलेलंच हवं, पण कोमट. तिनं तिथेच उभं राहून ते या पेल्यातून त्या पेल्यात, त्या पेल्यातून या पेल्यात ओतायला सुरुवात केली. आमच्या स्वयंपाकघरात मी रोज सकाळी हेच करते. विमान डुलत होतं, पण तिनं एक थेंब सांडला नाही.

अर्धं जेवण झालं असेल. बाईंचा गुडघा खुर्चीच्या कडेला असलेल्या बटणांवर दाबला गेला आणि खुर्ची घूंऽ करत मागे जायला लागली. एकासण्यात आसन हलवायचं नसतं! बाई खुर्चीसोबत हळूहळू आडव्या होत चालल्या, एका हातात फुलका, नजर छताकडे. मी सगळी बटणं दाबली. दिवा लागला, पाय वर आले, समोरच्या पडद्यावर कुणीतरी नाचायला लागलं. शेवटी त्या पोरीनं एक कळ दाबून खुर्ची सरळ केली. बाई मांडीतून तसूभर हलल्या नव्हत्या.

"बाई, आता?" मी घाबरत विचारलं.

"खुर्ची हालनी," बाई म्हणाल्या. "मी थोडीच हालनी?" आणि फुलका वरणात बुडवला.

जेवण झाल्यावर त्यांनी ताटात थोडं पाणी घेतलं, बोटानं ताट धुतलं आणि ते धुवण पिऊन टाकलं. अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून आमच्यात असं ताट धुऊन पितात. कोटवाले साहेब वळून बघत राहिले. बघोत बापडे. त्या चिनी मातीच्या ताटाला इतकं स्वच्छ कुणी केलं नसेल. बाईंनी उरलेलं पाणी प्यायलं, हात जोडले आणि खिडकीकडे पाहिलं. सूर्याची शेवटची कड ढगांवर होती. मी घड्याळ पाहिलं, पाच चाळीस. पाच-सात मिनिटांत तीही गेली.

मी ओक्साबोक्शी रडले. आता लाजायचं काही कारण नव्हतं. तप वाचलं, बाई वाचल्या, मी वाचले. त्या पोरीनं मला रुमालांची अख्खी थप्पी आणून दिली.

बाईंनी त्यातला एक माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "फाल्गुनी, एक सांगू? संताप करशील."

"आता कशाला करीन?"

"मागलं तप तुन्हामुळे नही मोडनं व्हतं."

"बाई, जाऊ द्या ना ते."

"आयकी ले. माले चक्कर नही उनी व्हती. तुन्हा करता घरथून शिरा उना व्हता. तू झोपेल व्हती. तूपना वास सुटेल व्हता. माले भूक लागनी. मी खाई टाका." बाईंनी मान खाली घातली. "नर्स उनी तवय मन्हा तोंडमा शिरा व्हता. मी म्हनी दिधं, चक्कर उनी. मंग तिनी ग्लुकोज पाजं."

मी रुमाल खाली ठेवला.

"शिऱ्याचा डबा?"

"पुरा डबा," बाई म्हणाल्या.

सतरा वर्षं! सतरा वर्षं मी पापड वाढत जळले, आणि या बाईंनी माझा बाळंतिणीचा शिरा खाऊन वर माझ्या नावाचा बोल तसाच राहू दिला! मी तोंड फिरवून बसले. जेवण आलं, तेही सूर्य मावळल्यावर, आणि मी त्यांच्यासमोर मुद्दाम दोन गोड पदार्थ खाल्ले. पण रुसून रुसून किती रुसणार? साडेचार तासांचा तर प्रवास. शहाद्याहून मुंबईला गाडीनं याच्या दुप्पट लागतात. मुंबईचे दिवे दिसायला लागले तेव्हा बाईंनी हळूच माझा हात धरला. बेचाळीस किलोंची म्हातारी, हात चिमणीच्या पायासारखा. राग तिथेच निवळला. खरं सांगायचं तर तो आधीच उतरत आला होता. कारण माझ्यामुळे मोडलं नव्हतं, हे सतरा वर्षांनी कुणीतरी मला सांगितलं होतं, आणि ते ऐकून इतकं हलकं वाटत होतं की शिऱ्याचा डबा मी केव्हाच माफ केला होता.

"इतकी वर्षं का नाही बोललात?" मी विचारलं.

"लाज वाटे," त्या म्हणाल्या. "आते तू मन्हा करता इतली रडनी. मंग कशी गप ऱ्हासू?"

महिन्यानं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पारणं झालं. उपाश्रयाच्या हॉलमध्ये अख्खं गाव लोटलं होतं, माहेरी आलेल्या लेकींसकट. पारण्यासाठी लोणखेड्याच्या उसाचा रस काढून आणला होता. तो मी माझ्या हातानं बाईंना पाजला. बायकांनी गाणी म्हटली. भुवाजी नंदुरबारहून खास आल्या होत्या. त्यांनी बाईंना ओवाळलं, पदर सावरला, आणि चार बायकांना ऐकू जाईल असा तो ओळखीचा सुस्कारा सोडला. "यंदा घरमा बाळंतपन नव्हतं, म्हनीसन तप पार पडनं."

गाणाऱ्या बायकांचा माइक बाईंच्या पुढ्यातच होता, आणि चालूही होता. बाईंनी तो उचलला.

"जसोदाबाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज पार रस्त्यावर गेला. "मन्ही वहूनं नाव नका लेवा. तवय मन्हं तप कोनीच नही मोडं. बाळंतीनना शिरा मीच खाई टाका व्हता."

मग मागे बसलेल्या पोरी फिसकन हसल्या आणि त्यांच्या मागोमाग सगळेच. बाई ओठावरचा रस पुसत स्वतःही हसत होत्या. भुवाजींनी आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पारण्याचं जेवण मांडलेलंच होतं. मी परात उचलली आणि भुवाजींच्या पुढे वाकले.

"भुवाजी," मी म्हटलं, "शिरा वाढू?"